अ‍ॅनायरिन बेव्हन : खाणीतून आरोग्यमंत्रिपदाकडे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने परदेशातल्या एका आरोग्यमंत्र्याचे चरित्र सांगायला बसावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. डॉक्टरी हा आमचा विषय नव्हे, हे खरे. पण दवाखान्याचे बिल हा आमचाच विषय आहे. आजारपणाचा पैसा कोणी द्यायचा, केव्हा द्यायचा आणि कोणत्या खात्यातून द्यायचा, हा प्रश्न शेवटी जमाखर्चाचाच. या प्रश्नाला अख्ख्या देशाच्या पातळीवर उत्तर देणारा माणूस वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून कोळशाच्या खाणीत उतरला होता. त्याचे नाव अ‍ॅनायरिन बेव्हन. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे नॅशनल हेल्थ सर्व्हिस, त्याने उभी केली.

बेव्हनचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७ रोजी दक्षिण वेल्समधील ट्रेडीगर या गावी झाला. गाव कोळशावर आणि लोखंडावर जगणारे. ते मॉनमथशर परगण्यात होते, आणि हा परगणा वेल्समध्ये मोडतो की इंग्लंडमध्ये, हा घोळ कायद्याच्या पुस्तकांत कित्येक पिढ्या चालला होता. १९७२ च्या कायद्याने तो मिटला. सीमाभागात वाढलेल्या आपल्या वाचकांना यावर अधिक काही सांगायला नको. घरातही दोन भाषा. वडील डेव्हिड वेल्श भाषेवर, तिच्यातील कवितेवर आणि गाण्यावर जीव टाकणारे; मुलगा मात्र इंग्रजीत वाढला. नाव तेवढे एका प्राचीन वेल्श कवीचे मिळाले. लोक त्याला ‘नाय’ म्हणत. आपल्याकडे खेड्यात ‘नाय’ म्हणजे नकार, आणि पुढे या माणसाने पंतप्रधानांपासून स्वतःच्या पक्षापर्यंत ज्याला त्याला इतके नकार दिले की हे टोपणनाव त्याला मराठीतच शोभले असते.

दहा भावंडांतला हा एक. वडील खाणकामगार, आई शिवणकाम करणारी. शाळेत त्याचे मन रमले नाही. बोलताना तो अडखळत असे आणि त्यावरून त्याची चेष्टा होई. तेराव्या वर्षी तो टाय-ट्रिस्ट खाणीत कामाला लागला. पण दिवसभर जमिनीखाली राबून आलेला हा मुलगा कामगारांच्या वर्गणीतून चाललेल्या गावच्या ग्रंथालयात जाऊन बसे. जो शब्द जिभेवर अडे त्याच्याऐवजी दुसरा शब्द हुडकायचा, अशी त्याने सवय लावून घेतली. अडखळणे पूर्ण गेले नाही, पण शब्दांचे भांडार एवढे वाढले की पुढे पार्लमेंटमध्ये चर्चिलच्या तोडीचा वक्ता म्हणून लोक त्याचे नाव घेऊ लागले. १९१९ मध्ये खाणकामगारांच्या संघटनेने त्याला लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात दोन वर्षांसाठी पाठवले. परत आला तो बेकार. काही वर्षे हातात काम नाही, गावात मात्र पुढारीपण, असा हा काळ गेला. १९२२ मध्ये तो गावच्या स्थानिक मंडळावर निवडून आला.

येथे थोडे थांबून ट्रेडीगरच्या एका संस्थेविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या कथेचे बी तिच्यात आहे. १८९० मध्ये तेथे ‘मेडिकल एड सोसायटी’ स्थापन झाली. खाणीतला आणि लोखंडाच्या कारखान्यातला कामगार आपल्या मजुरीतून दर पौंडामागे काही पेन्स सोसायटीला देई. त्या पैशातून सोसायटीने डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका नेमल्या आणि गावचे छोटे इस्पितळ चालवले. वर्गणीदाराच्या बायकामुलांवरही उपचार होत. आजारी पडल्यावर वेगळे पैसे नाहीत. गावाच्या सुमारे २४ हजार वस्तीपैकी शेकडा ९५ लोक या सोसायटीच्या छायेत आले होते. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला ए. जे. क्रोनिन विशीच्या दशकात येथेच डॉक्टर होता. त्याची ‘द सिटाडेल’ ही १९३७ ची कादंबरी या भागातल्या अनुभवावर बेतलेली आहे. बेव्हन सोसायटीच्या इस्पितळ समितीवर काम करीत होता. डॉक्टरला पगार किती द्यायचा, औषधांवर किती खर्च होतो, वर्गणी पुरते की नाही, हे तो तेथे शिकला. मला वाटते, पुढे मंत्री झाल्यावर बड्या बड्या डॉक्टरांसमोर तो बिचकला नाही याचे कारण हेच असावे. डॉक्टर नेमणारी माणसे खाणकामगार असू शकतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते.

१९२५ मध्ये त्याचे वडील वारले. वर्षानुवर्षे कोळशाची धूळ फुफ्फुसात साचून झालेला तो रोग होता. मुलाच्या हातांतच त्यांनी प्राण सोडला. कुटुंबाला नुकसानभरपाई मिळाली नाही, कारण हा रोग तेव्हा धंद्यामुळे होणाऱ्या रोगांच्या यादीत नव्हता. यादीत नाव नाही म्हणून रोग नाही!

१९२९ मध्ये बेव्हन मजूर पक्षातर्फे एब्बव्हेल मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून आला आणि मरेपर्यंत तेथूनच निवडून येत राहिला. १९३४ मध्ये त्याने जेनी ली हिच्याशी लग्न केले. ती स्कॉटलंडमधील खाणकामगाराची मुलगी, त्याच्यासारखीच खासदार आणि त्याच्याइतकीच तिखट. (ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ, ‘ओपन युनिव्हर्सिटी’, १९६९ मध्ये उभे राहिले ते मुख्यतः तिच्या हट्टामुळे. तिच्यावर खरे तर स्वतंत्र लेख व्हायला हवा.) १९३९ मध्ये पक्षाने शिस्तभंगासाठी बेव्हनला काढून टाकले आणि वर्ष संपायच्या आत परत घेतले. युद्धाच्या काळात सारा देश चर्चिलमागे उभा असताना हा सभागृहात उठून चर्चिलवर टीका करी. अनेकांना तो देशद्रोहच वाटला.

आता त्या वेळच्या ब्रिटनमधली वैद्यकीय व्यवस्था कशी होती ते पाहू. १९११ च्या विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळे, पण त्याच्या बायकोला व मुलांना नाही. म्हणजे घरात जिच्या दुखण्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते तीच वगळलेली. रुग्णालये दोन तऱ्हेची. एक धर्मादाय, देणग्यांवर चालणारी. त्यांत लंडनची नामांकित रुग्णालयेही आली. तेथे रुग्णाची ऐपत विचारून रक्कम ठरवणारा माणूस नेमलेला असे. दुसरी नगरपालिकांची, त्यांतली बरीच जुन्या दरिद्रीगृहांतून निघालेली. लोक तेथे जायला शरमत. देणगीदार जेथे जास्त तेथे रुग्णालये चांगली, आणि रोग जेथे जास्त तेथे देणगीदार नाहीत. युद्धात बाँबहल्ल्यांतील जखमींसाठी सरकारने ही सारी रुग्णालये एका आपत्कालीन योजनेत गोवली, तेव्हा त्यांची खरी अवस्था वर आली. डिसेंबर १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज याचा सामाजिक विम्याचा प्रसिद्ध अहवाल निघाला. सर्वांसाठी आरोग्यसेवा हे त्यात गृहीतच धरले होते. हा बेव्हरिज जन्माने आपल्याकडचा, म्हणजे जुन्या बंगालमधील रंगपूरचा. बेव्हरिज, बेव्हन आणि त्याच काळातला परराष्ट्रमंत्री बेव्हिन या तिघांत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी गोंधळ होतो, म्हणून हे सांगून ठेवतो.

जुलै १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्ष प्रचंड बहुमताने आला. पंतप्रधान अ‍ॅटलीने या बंडखोराला आरोग्यखाते दिले. वय ४७, मंत्रिमंडळातला सर्वांत तरुण. पहिला मोठा निर्णय त्याने घेतला तो रुग्णालयांचा. इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २७०० रुग्णालये, धर्मादाय आणि नगरपालिकांची दोन्ही, राष्ट्राच्या मालकीची करायची. त्याच्याच मंत्रिमंडळातील हर्बर्ट मॉरिसनने याला विरोध केला. नगरपालिकांची रुग्णालये नगरपालिकांकडेच राहावीत, स्थानिक स्वराज्य दुबळे होऊ नये, असे त्याचे म्हणणे. ते अगदीच टाकाऊ नव्हते. पण गरीब गावची नगरपालिका गरीब रुग्णालयच चालवणार, हा बेव्हनचा मुद्दा अ‍ॅटलीला पटला. ६ नोव्हेंबर १९४६ रोजी कायदा झाला. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्या देशात सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपला अहवाल दिला आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हेच तत्त्व मांडले. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे त्या अहवालातून आली. तिकडे मात्र कायदाही झाला आणि त्यामागे तिजोरीही उभी राहिली.

खरी लढाई झाली ती डॉक्टरांशी. येथे वाणिज्य शाखेच्या मित्रांनी कान द्यावा. भागीदारीच्या हिशेबात आपण ‘गुडविल’ शिकतो. मागील काही वर्षांचा सरासरी नफा घ्यायचा, त्याला दोनाने किंवा तिनाने गुणायचे आणि नवा भागीदार आला की त्याच्याकडून वसूल करायचे. ब्रिटनमध्ये घरगुती डॉक्टर आपला दवाखाना असाच विकत. विकले काय जाई? टेबल, खुर्ची आणि रुग्ण. तरुण डॉक्टर कर्ज काढून हे ‘गुडविल’ विकत घेई आणि मग पैसेवाल्या वस्तीतच दवाखाना शोधी, कारण कर्ज फेडायचे असते. खाणीच्या गावात त्याने का जावे? बेव्हनच्या कायद्याने सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना दवाखाना विकण्याची बंदी केली आणि तोपर्यंतच्या गुडविलची भरपाई म्हणून ६ कोटी ६० लाख पौंड ठेवले. हा आकडा वाचला तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ बसलो होतो. आमच्या वहीत गुडविल म्हणजे एक कोरडी नोंद, आणि येथे त्याच नोंदीने कोणत्या गावात डॉक्टर असणार आणि कोणत्या नाही हे ठरत होते.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने कडाडून विरोध केला. आपण सरकारी नोकर होऊ, रुग्णाशी असलेले नाते तुटेल, अशी भीती. संघटनेच्या एका माजी सचिवाने तर बेव्हनच्या योजनेला नाझी राजवटीच्या पंक्तीला बसवले. फेब्रुवारी १९४८ मध्ये डॉक्टरांचे मत घेतले तेव्हा दहांतले जवळजवळ नऊ विरोधात गेले. सेवा सुरू व्हायला उरले होते पाच महिने. डॉक्टरांशिवाय आरोग्यसेवा म्हणजे गाईशिवाय दूधडेअरी.

बेव्हनने येथे जे केले त्यावर अजून वाद होतो. मोठ्या रुग्णालयांतल्या तज्ज्ञ डॉक्टरांना त्याने आधी फोडले. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अध्यक्ष लॉर्ड मोरान, जो चर्चिलचा स्वतःचा डॉक्टर, त्याच्यामार्फत बोलणी झाली. तज्ज्ञांना पगार चांगला, वर खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा, आणि सरकारी रुग्णालयांतच खाजगी रुग्णांसाठी काही खाटा. मग घरगुती डॉक्टरांना एप्रिलमध्ये आश्वासन दिले की सरसकट पगारी नोकरी लादणार नाही, हे कायद्यानेच बांधून देऊ. त्यांना नोंदलेल्या रुग्णांच्या डोईवर रक्कम मिळत राहील. विरोध वितळू लागला. मे महिन्यातल्या मतदानात तो बराच खाली आला.

हा सौदाच होता. माणसे पैशाने वळवली, हे बेव्हननेही कधी लपवले नाही. खाजगी खाटांमुळे रांग चुकवण्याची वाट पैसेवाल्यांना उघडी राहिली आणि तिचे दुष्परिणाम पुढे कित्येक दशके दिसले. तरी मला हा सौदा योग्य वाटतो. त्याने डॉक्टरांना काय दिले आणि काय दिले नाही हे नीट पाहावे. दिले ते सगळे डॉक्टरांच्या मिळकतीसंबंधी. रुग्णाने दारात पैसे द्यायचे नाहीत, या कलमाला त्याने हात लावू दिला नाही.

५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली. बेव्हन मँचेस्टरजवळच्या पार्क रुग्णालयात गेला आणि रुग्णालयांच्या किल्ल्या त्याने प्रतीक म्हणून स्वीकारल्या. आदल्याच दिवशी मात्र मँचेस्टरच्या सभेत त्याने हुजूर पक्षाची तुलना उपद्रवी किड्यांशी केली होती. वर्तमानपत्रांना हवे ते मिळाले. एवढ्या मोठ्या कामाच्या दिवशी चर्चा झाली ती शिवीची. जीभ हा त्याचा गुण आणि तीच त्याची खोड.

मग आला खर्च. पहिल्या वर्षात सुमारे ५० लाख चष्मे गेले. दंतवैद्यांकडे रांगा लागल्या. औषधांच्या चिठ्ठ्या पूर्वी महिन्याला ७० लाखांच्या आसपास असत, त्या सप्टेंबर १९४८ पर्यंत जवळजवळ दुप्पट झाल्या. अंदाजपत्रक कोलमडले; १९४९ मध्ये पार्लमेंटकडे मोठी पुरवणी मागणी करावी लागली. लोकांनी फुकट मिळते म्हणून ओरबाडले, अशी टीका झाली. आमच्या महाविद्यालयातही मी हा विषय काढला तेव्हा अर्थशास्त्राच्या एका सरांनी हेच सांगितले की किंमत शून्य केली की मागणी बेसुमार होते. आलेख काढूनही दाखवला. सरांचा आलेख बरोबर आहे. पण हे चष्मे कोणी घेतले? त्यापूर्वी तेथील गरीब माणूस वूलवर्थच्या दुकानात जाऊन एकामागून एक चष्मे डोळ्यांना लावून बघे आणि ज्यातून बरे दिसेल तो विकत घेई. माझी आजी वारलेल्या आजोबांचा चष्मा लावून पोथी वाचत असे आणि आम्हाला त्यात कधी काही वेगळे वाटले नाही. ती मागणी नव्याने निर्माण झालेली नव्हती. ती वर्षानुवर्षे थकलेली बाकी होती, ती एकदम वसुलीला आली. मात्र एवढी बाकी थकली आहे हे आधी मोजून न ठेवणे ही बेव्हनच्या खात्याची चूकच म्हणावी लागेल. तसेच १९४९ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग घेण्याचा अधिकार देणारी तरतूद त्याच्याच डोळ्यांदेखत झाली होती, हेही खरे. अंमल तेवढा त्याने होऊ दिला नाही.

जानेवारी १९५१ मध्ये तो मजूरमंत्री झाला. कोरियाचे युद्ध चालू होते आणि ब्रिटनने तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांची शस्त्रसज्जता पत्करली होती. एप्रिलमध्ये अर्थमंत्री ह्यू गेटस्केलने अंदाजपत्रक मांडले. त्यात कवळ्या आणि चष्मे यांच्या खर्चातला अर्धा भाग रुग्णाकडून घ्यायचे ठरले. त्या वर्षी त्यातून वाचणार होते १ कोटी ३० लाख पौंड. आरोग्यसेवेचा एकूण खर्च ४० कोटींच्या घरात. म्हणजे शेकडा तीन-सव्वातीन. एवढ्यासाठी बेव्हनने मंत्रिपद सोडले. त्याच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सन (पुढे पंतप्रधान) आणि जॉन फ्रीमन यांनीही राजीनामे दिले. पक्ष दुभंगला, सहा महिन्यांत निवडणूक हरला आणि पुढची तेरा वर्षे सत्तेबाहेर राहिला.

इतक्या क्षुल्लक रकमेसाठी? गेटस्केलशी त्याची स्पर्धा होती, अर्थखाते आपल्याला मिळाले नाही याचा सल होता, असे अनेक चरित्रकार मानतात, आणि त्यात तथ्य असावे. पण रक्कम क्षुल्लक होती हाच तर मुद्दा. क्षुल्लक रकमेने तिजोरी भरत नाही, पण दारात गल्ला मांडला जातो. एकदा गल्ला मांडला की दरवर्षी त्यातली रक्कम वाढवणे हे फक्त कारकुनी काम उरते. झालेही तसेच. पुढच्याच वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने चिठ्ठीवर एक शिलिंग आणि दंतोपचारावर शुल्क बसवले. शस्त्रसज्जतेचा तो ४७० कोटींचा कार्यक्रम मात्र ठरल्या वेळात पुरा होणे शक्य नाही, हे चर्चिलनेच सत्तेवर आल्यावर कबूल केले. बेव्हनने राजीनाम्याच्या भाषणात हेच सांगितले होते.

हुजूर सरकारने १९५३ मध्ये आरोग्यसेवेची उधळपट्टी तपासण्यासाठी केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ गिलबो याची समिती नेमली. काटछाट सुचवली जाईल अशी अपेक्षा होती. रिचर्ड टिटमस आणि ब्रायन एबल-स्मिथ या दोघांनी समितीसाठी हिशेब मांडला. वाढलेल्या किमती आणि वाढलेली लोकसंख्या लक्षात घेतली तर आरोग्यसेवेचा वाटा एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या पावणेचार टक्क्यांवरून (१९४९-५०) सव्वातीन टक्क्यांवर (१९५३-५४) उतरला होता. १९५६ च्या जानेवारीत अहवाल निघाला. उधळपट्टी सापडली नाही. उलट रुग्णालयांच्या इमारतींवर फारच कमी खर्च होतो आहे, असे समितीने म्हटले. आमच्या सरांना मी हे आकडे दाखवले आहेत. त्यांनी वही ठेवून घेतली आहे.

बेव्हनची शेवटची वर्षे अनुयायांना बुचकळ्यात पाडणारी गेली. १९५६ मध्ये सुएझवरील हल्ल्याविरुद्ध ट्रफाल्गर चौकात त्याने गाजलेले भाषण केले. पुढच्याच वर्षी ब्रायटनच्या अधिवेशनात एकतर्फी अण्वस्त्रत्यागाला विरोध करून त्याने स्वतःच्याच माणसांना दुखावले. ज्या गेटस्केलमुळे राजीनामा दिला त्याच्याच हाताखाली १९५९ मध्ये तो पक्षाचा उपनेता झाला. तोवर पोटाच्या कर्करोगाने त्याला गाठले होते. ६ जुलै १९६० रोजी, आरोग्यसेवेला बारा वर्षे पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो वारला. वय ६२. त्याची रक्षा ट्रेडीगरच्या वरच्या डोंगरावर विखुरली.

चष्म्यांचे आणि चिठ्ठ्यांचे ते भांडण त्याच्याबरोबर संपले नाही. १९६५ मध्ये हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान असताना चिठ्ठीवरील शुल्क रद्द झाले आणि त्याच विल्सनच्या सरकारने १९६८ मध्ये ते पुन्हा बसवले. इंग्लंडमध्ये ते आजही आहे, मुलांना, वृद्धांना आणि इतर अनेकांना सूट देऊन. वेल्सने मात्र एप्रिल २००७ पासून ते सर्वांसाठी काढून टाकले. ट्रेडीगरच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली की आता कोणी पैसे मागत नाही.